ओळखीची लाट

१

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला माझ्या लक्षात आलं, की सात नंबरच्या खाटेवरच्या बाईला स्वतःचं नाव ओळखता येत नाही. एका परक्या बाईचं नाव मात्र ओळखता येतं.

मी डॉ. अदिती पांढरीपांडे. माणूस आठवणी कशा ओळखतो, हा माझा अभ्यासाचा विषय. डोक्यावर तारांची टोपी घालायची, कानात आवाज सोडायचे आणि मेंदूत उठणाऱ्या लहरी नोंदवायच्या, हे मी नागपुरात अकरा वर्षं करते आहे. ओळखीचं काही कानावर पडलं, की साधारण एक तृतीयांश सेकंदाने मेंदूत एक लाट उठते. आम्ही आपसात तिला ‘ओळखीची लाट’ म्हणतो. आपलं स्वतःचं नाव ऐकलं की ती सगळ्यांत उंच उठते. डोळे न उघडणाऱ्या, हाताची बोटंही न हलवणाऱ्या रुग्णांमध्येसुद्धा कधीकधी उठते, आणि मग घरच्यांना सांगता येतं की आत कोणीतरी ऐकतं आहे.

नंदिनी धारकर, वय बत्तीस. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे बुटीबोरीच्या पुढे तिची गाडी झाडावर आदळून पेटली. पाळीवर चाललेल्या कामगारांची बस मागून येत होती. त्या पोरांनी माती टाकून आग दाबली आणि तिला बाहेर ओढलं. चेहरा आणि दोन्ही हात भाजले, डोक्याला मार बसला. तेव्हापासून ती आमच्या खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात निपचित पडून होती. चेहऱ्यावर पट्ट्या, घशात श्वासाची नळी. तिचे पती पियुष रोज सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्या उशाशी बसत.

तिला काही कळत नाही असं डॉक्टरांचं मत झालं होतं. पियुष म्हणाले, असं असेल तर मी तिला घरी नेतो, शेवटचे दिवस घरात जाऊ देत. बुधवारी दुपारी चारला न्यायचं ठरलं. श्वासाच्या यंत्राशिवाय ती तासभरही जगणार नव्हती. म्हणून डॉक्टरांनी माझी तपासणी सांगितली, आणि पियुष यांनी मुकाट्याने संमतीवर सही केली.

मी सहा नावं ऐकवली. नंदिनी, कल्याणी, अश्विनी, दिपाली, मोहिनी, वैशाली. सगळी तीन अक्षरांची, तिच्या वयाच्या बायकांत आढळणारी. परकी पाच नावं आमच्या तंत्रज्ञ रोशनने आणि वॉर्डातल्या कांताबाईंनी सुचवली होती. प्रत्येक नाव ऐंशी वेळा, उलटसुलट क्रमाने.

नंदिनी या नावाची रेषा सपाट होती. कल्याणी, अश्विनी, मोहिनी, वैशाली, सगळ्या सपाट.

दिपालीची लाट इतकी उंच होती, की मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

२

पहिला संशय मी रोशनवर घेतला. आवाजाच्या फायलींना नावं त्यानेच दिली होती. नंदिनीच्या फायलीला दिपालीचं लेबल लागलं असेल, तर सगळा घोळ दोन मिनिटांत उलगडणार होता.

“मॅडम, मी तीनदा चेक केलं,” रोशनचा चेहरा उतरला. “तुम्ही स्वतः ऐका ना.”

मी ऐकलं. प्रत्येक फाईल बरोबर होती.

मग मी आवाजांची चाचणी उघडली. त्यात नावं नव्हती. ‘आज ऊन चांगलं पडलं आहे’ हे एकच वाक्य पाच माणसांनी बोललेलं. तीन परके, चौथे तिचे पती आणि पाचवे वर्ध्याला राहणारे तिचे वडील, विश्वनाथ सोनटक्के. अपघातापासून ते इथेच धर्मशाळेत राहत होते आणि रोज तासभर लेकीच्या पायाशी बसत होते.

पतीच्या आवाजाला लाट होती. वडिलांच्या आवाजाला नव्हती.

“म्हणजे नवऱ्याले ओळखते, बापाले नाही?” रोशन म्हणाला. “असं कसं होऊन राहिलं?”

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या आठवणी तुकड्यातुकड्याने जातात. तरीही स्वतःचं नाव सहसा सगळ्यांत शेवटी जातं. बुधवारी सकाळी आठला मी पुन्हा टोपी चढवली. या वेळी नावं माझ्या स्वतःच्या आवाजात, क्रम नवा. रोशनला मी खोलीबाहेर बसवलं. तो रागावला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

साडेनऊला निकाल आला. तोच.

मी अपघाताच्या कागदांवरचा पोलीस ठाण्याचा नंबर शोधला आणि फोन लावला. काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण समोरून आवाज आल्यावर एवढंच बाहेर पडलं, “मला वाटतं, आमच्याकडे असलेली बाई नंदिनी धारकर नाही.”

३

सहायक पोलीस निरीक्षक यमुना गजभिये यांना सगळे यमुताई म्हणतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलण्यात घाई नाही. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं, संपवलं आणि मग म्हणाल्या, “आता मले असं सांगा, जसं तुमच्या आईले सांगाल.”

मी सांगितलं. त्यांनी छापील रेषांवर बोट फिरवलं.

“हे कोर्टात चालते?”

“नाही. आणि ही लाट फक्त ओळख सांगते. कोण, कुठे, कधी, ते सांगत नाही.”

“मंग ते आपण विचारू,” त्या म्हणाल्या. “जित्या माणसायले.”

पियुष धारकर साडेदहाला आले. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. कळमन्याला त्यांची संत्र्यांच्या पॅकिंगची शेड होती, तिथून माल दिल्लीपर्यंत जायचा. यमुताईंना बघून ते दचकले नाहीत. घरी न्यायच्या कागदांसाठी आल्या असतील असं त्यांना वाटलं असावं.

“धारकर साहेब, एक लहानसा प्रश्न,” यमुताई म्हणाल्या. “दिपाली कोण?”

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. क्षणभरच. मग त्यांचे डोळे भरून आले.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मशीननं.”

ते मटकन खाली बसले. “मी तिला त्या नावाने हाक मारायचो. आमच्या दोघांतलं नाव होतं. लग्न दिवाळीत ठरलं म्हणून. चारचौघांत कधी उच्चारलं नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे ती ऐकते आहे, मॅडम? मी ठेवलेलं नाव तिला कळतं?”

माझा चेहरा गरम झाला. ज्या माणसावर मी सकाळपासून मनातल्या मनात आरोप करत होते, तो माझ्यासमोर रडत होता. त्याच्या आवाजाला तिची लाट उठत होती. नवरा-बायकोतलं लाडाचं नाव तिला आठवत होतं. सगळं जुळत होतं.

“मग आज नेऊ नका ना तिला,” मी म्हणाले. “ऐकते आहे म्हटल्यावर.”

त्यांनी डोळे पुसले आणि उत्तर द्यायला थोडा जास्तच वेळ घेतला.

“उलट आता तर घरीच न्यायला हवं,” ते म्हणाले. “अशा खोलीत पडून सगळं ऐकत राहायचं, याहून वाईट काय असेल? अँब्युलन्स चारला येईल.”

४

विश्वनाथ सोनटक्के जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. पंचाहत्तरीचे, वर्ध्याच्या सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. आमच्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

“काका, तुमच्या लेकीशी तुमचं पटत होतं ना?” यमुताई शेजारी बसल्या.

“पटत होतं का म्हणजे? दर रविवारी सकाळी नऊला फोन. आठ वर्षांत चुकला नाही. तिची आई गेली त्या रविवारीसुद्धा ती शेजारी बसून होती, तरी नऊ वाजता म्हणाली, बाबा, फोनची वेळ झाली.”

“शेवटचा फोन?”

“अपघाताच्या नऊ दिवस आधी. रविवारच होता.”

यमुताईंनी बोटांवर हिशेब केला. “अपघात मंगळवारचा. म्हणजे मधात अजून एक रविवार येते.”

“त्या रविवारी फोन नव्हता. मेसेज आला. घसा बसला आहे, बोलता येत नाही, असा. त्या आठवड्यात चार-पाच मेसेज आले. शेजारचा मुलगा वाचून दाखवायचा.” ते थांबले. “मला वाईट वाटलं होतं. मला वाचता येत नाही, हे तिला माहीत आहे. तिने मला आजपर्यंत कधी मेसेज केला नव्हता.”

मी यमुताईंकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“काका, अपघातानंतर तुम्ही तिचा हात धरला असेल.”

“हाताला पट्ट्या आहेत. पायांना हात लावतो.” त्यांचा आवाज बारीक झाला. “एक सांगू का? मी कोणाला बोललो नाही. ते पाय मला माझ्या पोरीचे वाटत नाहीत. टाचा फार रखरखीत आहेत. मग वाटतं, सासरी गेलेल्या लेकीचे पाय बापाने कधी चाचपले असतात? आणि डोळे हे असे. जावई म्हणाले, बाबा, ही नंदिनीच आहे, मंगळसूत्र मी ओळखलं. मी गप्प बसलो.”

तीन आठवडे तो म्हातारा त्या पायांशी बसून होता. मला त्या जिन्यापाशी उभं राहवेना.

खोलीत परत आल्यावर मी दार लावून घेतलं. “अपघात मंगळवारी झाला. पण नंदिनीचं बोलणं त्याच्या आठ दिवस आधीच बंद झालं होतं.”

“होय,” यमुताई म्हणाल्या. “तिचा फोन बोलत होता, ती नाही.”

५

साडेबारा वाजले होते. यमुताईंनी कांताबाईंना बोलावलं. कांताबाई आमच्या विभागात वीस वर्षांपासून आयाबाई आहेत. रुग्णांना पुसणं, कूस बदलणं, केस विंचरणं त्यांच्याकडे. पोलीस बघून त्या दारातच घुटमळल्या.

“ये वं, बस,” यमुताई म्हणाल्या. “सात नंबरच्या बाईचं अंग तूच पुसते ना? काही वेगळं दिसलं का?”

“काहून? माझ्यावर काही आलं का?”

“नाही वं. तुझे हात त्या बाईले सगळ्यायपेक्षा जास्त ओळखतात, म्हणून विचारून राहिली.”

कांताबाईंनी पदर सावरला. “पहिल्या दिवशीची गोष्ट आहे. तिच्या पायात जोडवे होते. इतके सैल, का पाय उचलला तं एक खाली पडलं. मी ते साहेबाच्या हातात देल्लं. पण मले नवल वाटलं. लग्नाले आठ वर्षं झाले म्हणतात, आन् बोटाले वळ नाही. माह्या बोटाचे जोडवे काढले तं खाच दिसते. हिचं बोट कोऱ्या पोरीसारखं.”

“कोणाला बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“मॅडम, मोठ्या घरच्या बायका आजकाल सणालेच घालतात. मी कोण बोलणारी?”

तेवढ्यावर मला वाटलं, संपलं, आता पुढे काही नाही. पण यमुताईंनी छापील कागद उचलला आणि नावांच्या यादीवर बोट ठेवलं.

“ही परकी नावं तू सुचवली म्हणे. कोणती?”

“दोन. वैशाली माही भाची. आन् दिपाली.”

“दिपाली कोण तुही?”

“माही कोणी नाही. आठ-दहा दिवसांखाली एक बाई आली होती खाली काउंटरवर. धारकर साहेबाले भेटाचं म्हणे. पोरगी त्यायच्या शेडीत कामाले होती, ते कुठी गेली, पत्ता पाहिजे म्हणे. साहेब आले, तिले बाजूले नेलं, काही सांगतलं. बाई रडत रडत गेली. मी लिफ्टपाशी उभी होती. सारखी दिपाली, दिपाली करून राहिली होती. ते नाव माह्या डोक्यात बसलं. तुमी नाव मागतलं, मी तेच सांगतलं.”

मी यादीतल्या त्या नावाकडे पुन्हा बघितलं.

पियुष धारकरांच्या समोर एक आई उभी राहून दिपाली नावाच्या मुलीला शोधत होती. त्यानंतर दहा दिवसांच्या आत हाच माणूस आम्हाला म्हणाला होता, की ते नाव त्याने आपल्या बायकोला लाडाने ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

“कांताबाई,” यमुताई उठल्या, “त्या बाईनं काउंटरवर आपलं नाव लिहिलं असन ना?”

६

तिचं नाव अंजनाबाई. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत ती राहायची. यमुताईंची गाडी तिला घेऊन आली तेव्हा दोन वाजले होते. तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. पोलीस घरी आले एवढ्यानेच ती धास्तावली होती.

यमुताईंनी तिला चहा पाजला आणि मग विचारायला सुरुवात केली. दिपाली एकोणतीस वर्षांची, लग्न झालेलं नव्हतं, चार वर्षांपासून धारकरांच्या शेडीत संत्री निवडायच्या कामाला. एका सोमवारी संध्याकाळी ती म्हणाली, मालकाने पहाटेच्या खास ऑर्डरसाठी थांबवलं आहे, सकाळी येते. ती आली नाही. शेडीतला मुकादम म्हणाला, ठेकेदाराबरोबर हैदराबादला गेली.

“मले न सांगता ते कधी कोपऱ्यावरच्या दुकानात बी गेली नाही,” अंजनाबाई म्हणाली. “मालक बी तेच म्हणे, हैदराबादले गेली. मी म्हटलं, पत्ता द्या. म्हणे, माही बायको मरून राहिली आन् तुले पत्ता पाहिजे. मले लाज वाटली. मी निघून आली.”

“तो सोमवार कोणता?”

तिने तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पेटली होती.

“त्या आधी शेडीत काही नवीन झालं का? दिपाली काही बोलली?”

अंजनाबाईने आठवून बघितलं. “मागच्या बाजूले नवा कोबा टाकला म्हणे. आठवडाभर तिकडे कोणाले जाऊ देत नव्हते. बाया लघवीले मागे जात, त्यायले लांब जा लागे, म्हणून कुरकुर करत.”

यमुताई बाहेर गेल्या. दारातून मला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. तीनच शब्द. कळमना, कोबा, आत्ता.

मी अंजनाबाईला माझ्या खोलीत नेलं. तिला मी खरं सांगायचं धाडस केलं नाही. एक वाक्य बोला म्हटलं. आज ऊन चांगलं पडलं आहे. ती यंत्राकडे बघत घाबरत बोलली. तिचा आवाज चार परक्या बायकांच्या आवाजांत मिसळून मी सात नंबरच्या कानात सोडला. रोशन माझ्या शेजारी उभा होता, या वेळी मीच त्याला थांबवलं होतं.

चाळीस मिनिटांनी सरासरी निघाली. रोशनने पडद्याकडे बघितलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अकरा वर्षांत मी इतकी मोठी लाट पाहिली नव्हती.

७

पावणेचारला पियुष धारकर स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोन माणसांसह विभागाच्या दारात उभे होते. विश्वनाथ काका बाकावरून उठून भिंतीला धरून आले होते. लेकीला घरी नेताहेत एवढंच त्यांना माहीत होतं.

“पाच मिनिटं,” यमुताई म्हणाल्या. “साहेब, माझं डोकं साधं आहे. मी सांगते, तुमी दुरुस्त करा. आतल्या बाईले तुमचा आवाज ओळखू येते, म्हणजे ते तुमच्या ओळखीची आहे. सोनटक्के काकांचा आवाज ओळखू येत नाही. नंदिनी हे नाव ओळखू येत नाही. दिपाली येते. आता मले सांगा, तुमाले ओळखणारी, नंदिनी नसलेली आन् दिपाली नावाची बाई कोणती?”

“मी सकाळी सांगितलं. लाडाचं नाव आहे.”

“सांगतलं. पण दहा दिवसांखाली एक आई तुमच्यापुढे त्याच नावानं रडली. बायकोचं लाडाचं नाव एका मजुरणीच्या पोरीचं निघालं, हे तुमाले सकाळी सांगावं वाटलं नाही? मी दिपाली म्हटलं तेव्हा तुमी पहिले काय विचारलं? तुम्हाला कोणी सांगतलं, असं. बायको शुद्धीवर आली का, असं नाही विचारलं.”

पियुष माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता. “मॅडम, या यंत्राला कोर्टात किंमत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माझी बायको मला घरी न्यायची आहे.”

“बरोबर आहे,” यमुताई म्हणाल्या. “म्हणून मी एकट्या मशीनवर विसंबून बसली नाही. काकांचं आन् आतल्या बाईचं रक्त दुपारीच लॅबले गेलं. त्याले वेळ लागन. पण तुमच्या शेडीमागचा कोबा तीन वाजतापासून फोडून राहिले.”

मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही बदललं नाही त्यात. फक्त त्याने शेजारच्या स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली.

यमुताईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, एकदाच हो म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्या पियुष यांच्याकडे न जाता विश्वनाथ काकांकडे गेल्या. त्यांचे दोन्ही हात धरले.

“काका, खाली बसा,” त्या म्हणाल्या.

“माझी नंदिनी आत नाही?” काकांनी विचारलं.

“नाही, काका.”

“मग कुठे आहे?”

यमुताईंनी त्यांना सांगितलं. हळू, एकेक शब्द, जसं कांताबाईंशी बोलल्या होत्या तसंच. मी ते ऐकलं, पण इथे लिहीत नाही.

अंजनाबाई माझ्या मागे उभी होती. तिलाही आता कळलं होतं. ती कोणाला न विचारता आत गेली, सात नंबरच्या खाटेपाशी पोचली आणि पट्ट्यांना हात लावायचं धाडस न झाल्यामुळे तिने दोन्ही हातांनी ते रखरखीत पाय धरले.

८

त्याच संध्याकाळी पियुष धारकरांनी कबुली दिली. गाडी पेटण्याच्या आठ दिवस आधी, सोमवारी, शेडीत नंदिनीशी भांडण झालं. त्याने तिला ढकललं, लोखंडी वजनकाट्याच्या काठावर तिचं डोकं आपटलं. अपघात होता, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टरांनी मात्र पुढे सांगितलं की आपटणं एकदाचं नव्हतं. देह त्याने मागच्या बाजूला पुरला. मग बायको मेल्याचं जगाला पटेल असं काही हवं होतं. दिपाली नंदिनीच्याच उंचीची होती. पहाटेच्या ऑर्डरच्या निमित्ताने तिला थांबवून चहातून झोपेच्या गोळ्या दिल्या, नंदिनीची साडी, मंगळसूत्र आणि जोडवी घातली. गाडी जळाली की चेहरा उरणार नाही असा त्याचा अंदाज होता. ती कामगारांची बस त्या दिवशी पाच मिनिटं लवकर सुटली होती.

दिपालीने महिन्याभराने डोळे उघडले. घशातली नळी निघायला आणखी तीन आठवडे गेले. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रिया अजून बाकी आहेत. बोलायला लागली तेव्हा यमुताई जबाब घ्यायला आल्या, आणि बरोबर विश्वनाथ काका होते. जबाबात त्यांचं काही काम नव्हतं. यमुताई म्हणाल्या, त्यांनी फार विनवलं.

दिपाली बसल्या बसल्या धापा टाकत बोलत होती. त्या आधीच्या सोमवारी दुपारी मॅडम, म्हणजे नंदिनी, शेडीत आल्या होत्या, ती म्हणाली. त्यांच्या हातात बॅग होती. बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या, ती एकटीच पेट्या लावत होती. मॅडमना तिने तेवढंच पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माहेरी गेल्या असं सगळे म्हणू लागले. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता आम्हाला कळलं की त्याने तिलाच का निवडलं. फक्त उंचीसाठी नाही; त्या दिवशी नंदिनीला शेडीत पाहणारी ती एकटीच होती.

“बॅग कशाले आणली म्हणून मी विचारलं,” दिपाली म्हणाली. “तं मॅडम म्हणे, आता मी इथं राहात नाही. साहेबाले सांगून मी निघून राहिली. बाबाकडे.”

काका खाटेजवळ सरकले. त्यांनी हात पुढे केला, आणि दिपालीने पट्टी बांधलेला आपला हात त्यावर ठेवला.

“रडत होती का?” त्यांनी विचारलं.

दिपालीने डोळे मिटले. खोलीत तिच्या श्वासाचा आवाज येत होता. अंजनाबाईने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

“नाही,” दिपाली म्हणाली. “हसत होत्या. मले म्हणे, तुह्यासाठी वर्ध्याहून काय आणू?”

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

हे तिला खरंच आठवलं होतं, की समोर बसलेल्या म्हाताऱ्यासाठी तिने ते तिथेच शोधून काढलं, हे मला माहीत नाही. यमुताईंनी वहीत ते वाक्य लिहिलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि मी काही विचारलं नाही.